वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी आणि ‘टाइटनिंग’चं पॅकेज

कोल्हापुरात हल्ली ‘इंच लॉस’, ‘स्किन टाइटनिंग’, ‘ऑपरेशनशिवाय टमी टक’ (म्हणजे पोटाची सैल कातडी काढणं) अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. त्यातल्या एका ठिकाणी माझे ७८ हजार रुपये अडकलेत. नाव देत नाही, तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे. पण पैसे काढून घेण्याची त्यांची रीत एकदा समजली की पाटी कुठलीही असली तरी ओळखू येते, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते. वजन ९४ किलोवरून ६३ वर आणलं. कुठली पावडर नाही, सर्जरी नाही. भात आणि गोड बंद, भाकरी मोजून, पहाटे रंकाळ्याला चालणं. तांबडा-पांढरा सोडला नाही, वाटी लहान केली. शुगर आटोक्यात आली, जिना चढताना लागणारी धाप थांबली. मागं राहिली ती कातडी. पोटावर झोळ, दंडाखाली झोळ. पावसाळ्यात पोटाच्या घडीत घाम साठून लाल चट्टे उठायचे आणि अशी आग व्हायची की मशीनवर बसवत नव्हतं. वर येणारी-जाणारी गिऱ्हाईकं, “वैनी, आजारी होता काय? चेहरा पार उतरला की तुमचा!” एकतीस किलो उतरवल्यावर हे ऐकायचं.

जाहिरातीत डॉक्टरांचं नाव आणि फोटो होता. आत भेटली पांढऱ्या कोटातली एक मुलगी. “सर मुंबईहून येतात ताई, तुमची फाइल तेच बघणार.” ते सर मला कधीच दिसले नाहीत. मुलीनं पोटाला चिमटा घेतला आणि सांगितलं, दहा सिटिंगमध्ये चार इंच, गॅरंटी. मूळ किंमत सव्वा लाख, आज घेतलं तर ७८ हजार, उद्यापासून रेट बदलणार. एवढे पैसे नाहीत म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. “महिन्याला साडेसहा हजार फक्त. नो कॉस्ट ईएमआय.” आधार आणि पॅनचे फोटो झाले, माझा फोन तिच्या हातात गेला, ओटीपी तिनंच टाकले. सही केली तो कागद सगळा इंग्रजीत.

सगळ्यात मोठी मेख इथं आहे. तो ईएमआय क्लिनिकचा नसतोच. एका फायनान्स कंपनीचं कर्ज आपल्या नावावर निघतं आणि सगळी रक्कम क्लिनिकला आधीच पोचते. म्हणजे पुढं गुण आला काय, न आला काय, त्यांचं काही अडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा कर्जाचं मुख्य मुद्द्यांचं पत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. मोबाइलवरून निघालेल्या कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, निदान एक दिवस तरी, दंड न भरता बाहेर पडता येतं. तिनं हे सांगायचा प्रश्नच नव्हता. घरी जाऊन रात्री कुणाला तरी कागद वाचायला दिला असता तर कळलं असतं, आणि म्हणूनच ‘आजच्या आज’ची घाई असते.

आता टेपकडे येते, कारण तिथं त्यांची गाठ माझ्याशी पडली. पहिल्या दिवशी माप घेतलं ते बेंबीवरून, टेप सैल, मी दुपारची जेवून गेलेली. नंतर बोलावलं सकाळी, उपाशीपोटी. टेप बेंबीच्या दोन बोटं वर धरला आणि असा आवळला की कडेनं कातडी वर आली. “बघा ताई, अडीच इंच कमी!” टाळ्याबिळ्या झाल्या. मी काही बोलले नाही, पण हातात टेप धरून माझी निम्मी हयात गेलीय. सैल कातडीवर टेप जेवढा ओढाल तेवढा आकडा खाली येतो. ब्लाउजचं माप घेताना आम्ही आत बोट सरकेल एवढा टेप सैल ठेवतो आणि जागा बदलत नाही. बाहीचा दंडघेर एकदा इथं, एकदा तिथं घेतला तर बाही बसेल काय? घरी दंडावर तिळाची खूण धरून माझा मीच घेर घेत गेले. सुरुवातीला जेवढा होता तेवढाच शेवटपर्यंत. क्लिनिकच्या कार्डावर मात्र दर वेळी कमी होत होता. मुळात कातडी सैल असताना ‘इंच’ मोजणं हेच फसवं आहे, हे कुठल्याही शिंप्याला विचारा.

फोटोंचंही तसंच. आधीचा फोटो किंचित वाकून, पोट सोडून, डोक्यावर ट्यूबलाइट. नंतरचा ताठ उभं राहून, श्वास आत, कंबरेचा पट्टा चार बोटं वर ओढलेला.

सिटिंगमध्ये कातडीवर गरम मशीन फिरवायचे. त्यानंतर तासभर कातडी तटतटीत वाटायची, हे खरं. उष्णतेनं किंचित सूज येते, ती ओसरली की पहिल्यासारखं. घडीतल्या चट्ट्यांबद्दल सांगितलं तर उत्तर आलं, “टॉक्सिन बाहेर पडतायत.” त्यावरच जेल लावून मशीन फिरवलं. फोड आला तेव्हा शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. ती बुरशी होती. घडी कोरडी ठेवणं, सुती कापड आणि लिहून दिलेलं मलम, एवढ्यावर चट्टे गेले. मधल्या काळात क्लिनिकनं कोलॅजनची पावडर आणि ‘चरबी वितळवणाऱ्या’ कॅप्सूलही गळ्यात मारल्या होत्या. खाल्लेलं कोलॅजन पोटात पचतं; ते उचलून नेमकं दंडावर नेऊन बसवणारं शरीरात कुणी नाही. आणि लठ्ठपणा घालवणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे, हे मला आता कळतंय.

त्वचारोगतज्ज्ञांनी पुढं प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितलं ते ७८ हजारांत कुणी सांगितलं नव्हतं. कातडीत ताण सोसणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे असतात. खूप वर्षं खूप ताणली गेली की ते तुटतात. परकराचं जुनं इलॅस्टिक एकदा मेलं की त्याला इस्त्री करून ताण येत नाही, तसं. वय, तंबाखू-सिगारेट, उन्हाचा मारा, किती किलो आणि किती भराभर उतरले, यावर बरंच ठरतं. वजन उतरल्यावरही वर्ष-दोन वर्षं कातडी थोडीथोडी आवळत राहते. कातडीला आतून ऊब देणारी रेडिओफ्रीक्वेन्सी किंवा अल्ट्रासाउंडची मशीन खोटी नाहीत, पण त्यांचा उपयोग थोड्या ढिलाईला, तोही बेताचा. लोंबणारी झोळ त्यानं जात नाही, ती कापूनच काढावी लागते. आणि कापायचं म्हणजे पोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कायमचा व्रण, आतलं पाणी काढायला काही दिवस नळी, पाणी साठणं, जखम भरायला उशीर, पायात रक्ताची गुठळी असे धोके, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. वजन निदान सहा महिने ते वर्षभर एका जागी टिकलेलं हवं. माझं टिकलं की बघू म्हणाले, फीशिवाय काही घेतलं नाही. मेडिक्लेममध्ये सौंदर्यासाठीची सर्जरी बसत नाही. कातडीमुळे तब्येतीला थेट धोका असल्याचं डॉक्टरांनी प्रमाणित केलं तरच विचार होतो.

पैसे परत मागितल्यावर क्लिनिकचा सूर बदलला. आधी “तुम्ही खाण्यावर कंट्रोल ठेवला नाही”, मग “राहिलेली सिटिंग मैत्रिणीला द्या, नाहीतर त्या किमतीचं फेशियल घ्या.” बिल मागितलं तर नुसतं कार्ड पुढं केलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथेत येतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, स्पीड पोस्टनं नोटीस धाडली. तेव्हा वीस हजार घ्या आणि ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या, असा निरोप आला. माझे मिस्टर म्हणाले घे, मी नाही घेतले. मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. जाहिरातीतल्या डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधलं, मिळालं नाही. हे पैसे द्यायच्या आधी, बसल्या जागी मोबाइलवर बघता येतं. कातडी कापायची असेल तर पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी दिसली पाहिजे. ‘कॉस्मेटॉलॉजी’चा डिप्लोमा म्हणजे ते नव्हे.

हप्ते मी भरतेच आहे. फायनान्स कंपनीचं उत्तर ठरलेलं, सेवा त्यांची, कर्ज तुमचं. तिथल्या तक्रारीवर तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही करणार आहे. पण तोवर हप्ता थकवला तर सिबिल माझं बिघडणार, आणि मला पिको-फॉलच्या मशीनसाठी कर्ज काढायचंय.

आयोगापुढच्या तक्रारीत सगळ्यात जास्त आधार आहे तो एका व्हॉट्सॲप मेसेजचा. ‘ताई चार इंच गॅरंटी’, पहिल्याच दिवशी त्या मुलीनं पाठवलेला, मी पुसला नव्हता. असल्या ठिकाणी तोंडी काही कबूल केलं की लगेच “हे मला व्हॉट्सॲपवर टाका” म्हणायचं. टाकायला कां-कूं केलं तर तिथूनच चप्पल घालायची.