वागळे इस्टेटमधून करून घेतलेली भोकांच्या पत्र्याची आठ ताटे

कांद्याचे काप, कढीपत्ता आणि कैरीच्या फोडी सुकवून विकण्याचा आमचा छोटा घरगुती व्यवसाय आहे. ड्रायरमधील विणलेल्या तारेच्या जाळ्या धुताना जीव मेटाकुटीला येई, कारण तार जिथे तारेवरून जाते त्या सांध्यात कांद्याचा चिकट रस अडकून राहतो आणि ब्रश तिथवर पोहोचत नाही. अखंड पत्र्याला भोके पाडली की हे सांधेच उरत नाहीत, म्हणून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका वर्कशॉपकडून १ मिमी जाडीच्या एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) पत्र्याची आठ ताटे करून घेतली. पुढे एक तक्रार असल्यामुळे वर्कशॉपचे नाव देत नाही.

मी ५ मिमीची भोके मागितली होती. ऑर्डर लिहून घेण्याआधी काउंटरवरचे काका म्हणाले, “ताई, ओल्या तुकड्याचं माप नको, सुकल्यावर केवढा उरतो ते सांगा.” कांद्यात ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, सकाळी ताटभर दिसणारे काप संध्याकाळी दोऱ्यासारखे होतात आणि ५ मिमीच्या भोकांतून ते सरळ खालच्या ताटात उतरले असते. मी पिशवीत नेलेले सुके काप त्यांनी ३ आणि ५ मिमीच्या नमुन्यांवर चाळून दाखवले. पुरणयंत्राबरोबर बारीक आणि मोठ्या भोकांच्या वेगळ्या ताटल्या येतात हे वर्षानुवर्षे पाहूनही ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

भोक ३ मिमीचे ठरले. मात्र हवा किती खेळणार हे दोन भोकांच्या मध्यांमधील अंतरावर, म्हणजे पिचवर, आणि भोकांच्या मांडणीवरही अवलंबून असते. पिच ५ मिमी ठेवून भोके सरळ उभ्या-आडव्या रांगांत पाडली, तर सुमारे २८ टक्के भाग मोकळा राहतो. तीच भोके मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, एक रांग सोडून अर्ध्या पावलाने सरकवून पाडली, तर तो जवळपास ३३ टक्के होतो. काकांनी दुसरी मांडणी सुचवली आणि ती योग्यच ठरली. भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान मागू नये, पंच म्हणजे भोक पाडणारा खिळा मोडतो, हेही त्यांनीच सांगितले. सव्वादोन चौरस सेंटिमीटरला साधारण दहा भोके या हिशेबाने एका ताटात ती अकरा हजारांच्या घरात जातात, आणि मी पाहिलेल्या ताटांत एकही अर्धवट सुटलेले नव्हते. भोके पाडल्यावर पत्रा ताणाने वाकतो. तो रोलमधून काढून सरळ केल्यामुळे ताटे रॅकमध्ये डुगडुगत नाहीत.

तक्रार आठपैकी दोन ताटांची. ती भोके पाडलेल्या तयार पत्र्यातून, कडेला कोरी पट्टी न सोडता कापली होती. कातर नेमकी भोकांच्या रांगेतून गेल्यामुळे कडेला करवतीसारखे दाते आले होते. पहिल्याच धुण्यात स्पंज फाटला आणि अंगठाही कापला. शिवाय पंच ज्या बाजूने बाहेर पडतो तिकडे धातूची बारीक धार उभी राहते, तिला ‘बर’ म्हणतात. या दोन ताटांत तीच बाजू वर ठेवली होती आणि ती घासायची राहिली होती. नुसता तळवा फिरवला तरी ती हाताला लागते, त्यामुळे माल तपासून दिला असे म्हणवत नाही. चार दिवसांनी दोन्ही ताटे, या वेळी चारही बाजूंनी २० मिमी कोरी पट्टी सोडून, विनामूल्य बदलून मिळाली.

बिलाबाबत आधी विचारून घ्यावे. २ फूट बाय दीड फुटाचा कोरा पत्रा सव्वादोन किलो भरतो, तयार ताट १ किलो ६०० ग्रॅम; पैसे मात्र कोऱ्या पत्र्याच्या वजनाचे लागतात, भोके पाडण्याची मजुरी वेगळी, आणि पडलेल्या टिकल्या वर्कशॉपकडेच राहतात. पत्रा अख्खाच वापरला जातो, तेव्हा हे मला गैर वाटत नाही, पण कोटेशनमध्ये तसे लिहिलेले नव्हते. ताटे न गुंडाळता हाती देतात, त्यामुळे रिक्षाने जाणाऱ्यांनी सोबत एक जुनी चादर न्यावी.