आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धा: नागपूरच्या संघाच्या पदरात काय पडतं?

रचनेला ५ पैकी ४, विभागीय फेरीला मात्र २.

एआययूच्या, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाच्या, या स्पर्धेची चढण साधी आणि पक्की आहे. नागपूर विद्यापीठातली महाविद्यालयं आधी आपसात खेळतात, त्यातून १२ जणांचा विद्यापीठ संघ निघतो आणि तो पश्चिम विभागात उतरतो. चार विभागांतले पहिले चार-चार, म्हणजे १६ संघ, अखिल भारतीय फेरीला. इथवर तक्रारीला जागा नाही.

दुखणं आहे विभागीय फेरीत. चार संघ उरेपर्यंत बाद पद्धत, मग त्या चौघांची साखळी. ६४ संघ धरले तर चार उरायला ६० सामने लागतात. एका मैदानावर दिवसाला सात, म्हणजे दोन मैदानांवर साधारण सव्वाचार दिवस. त्याऐवजी चार-चारचे गट पाडले, तर नुसत्या गटांचेच ९६ सामने होतात. आयोजक बाद पद्धत का धरतात, ते यावरून कळतं. तरीही रात्रभर रेल्वेने गेलेली पोरं ४० मिनिटांचा एकच सामना हरून परतीच्या गाडीला लागतात, हे खेळाडूंचं मोठं नुकसान आहे. पहिल्या फेरीत हरलेल्या ३२ संघांचे आपसात १६ सामने ठेवावेत. एक-सव्वा दिवस वाढेल, पण प्रत्येकाला किमान दोन सामने मिळतील.

साखळीत पोहोचलात तर गुणांचं गणित पाठ हवं: विजयाला २, पराभवाला १, मैदानात न उतरल्यास ०. तीन संघ प्रत्येकी ५ गुणांवर अडकले, तर त्या तिघांतल्या सामन्यांचाच गुणफरक (केलेले गुण वजा दिलेले गुण) धरतात. चौथ्याला ४० गुणांनी हरवल्याचा तिथे काडीचा उपयोग नाही. म्हणून सामना हातून गेल्यावर मुद्दाम फाउल करत सुटू नका. फाउलमुळे समोरच्याला मिळणाऱ्या प्रत्येक फ्री थ्रोने तुमच्याच पराभवाचा फरक वाढतो.

पात्रता फॉर्म ऐन वेळी अडतो तो नावामुळे. दहावी-बारावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग फॉर्मवर अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. सह्या, शिक्के नागपुरातच तपासा आणि मूळ कागद सोबत न्या.

शेवटचं, बुटांचं. सिमेंटच्या कोर्टवर सरावात गुळगुळीत झालेले तळवे लाकडी मैदानावर घसरतात आणि घोटा मुरगळतो. सामन्यांसाठी वेगळा जोड ठेवा. मात्र तो आधी दोन आठवडे पायात रुळू द्या.