नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) अभ्यास: पहाटेचा की रात्रीचा?

रात्री घर शांत असतं, फोन वाजत नाही, फिजिक्सची गणितं सलग दोन तास सुटतात. पण बारानंतर एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पाठ्यपुस्तक वाचायला घेतलं की ओळी डोळ्यांखालून नुसत्या सरकतात. रात्री क्रेब्स सायकल (पेशीत ऊर्जा तयार होण्यातला एक टप्पा) वाचली, तर सकाळी पाटी कोरी. आणि 720 पैकी 360 गुण बायोलॉजीचेच! म्हणून पाठांतराला मी पहाटच सांगेन. माझी भाची पाचला उठायची, चहाचा कप बाजूला ठेवून नेफ्रॉनची (मूत्रपिंडातल्या गाळणीची) आकृती पुस्तक मिटून काढायची, मग चुका लाल पेनाने दुरुस्त करायची. रात्र गणितांपुरती ठेवा, तीही अकरापर्यंत. मात्र 2025 चा पेपर दुपारी 2 ते 5 होता, ऐन डुलकीची वेळ. त्यामुळे रविवारचा सराव पेपर दुपारीच, ओएमआर शीट (गोल रंगवायची उत्तरपत्रिका) भरून सोडवा.