दात आणि इम्प्लांट दोन्हींच्या आधारावरची खालची कवळी: दुसऱ्या वर्षातला अनुभव

डाव्या बाजूच्या लोकेटरमधली, म्हणजे कवळी इम्प्लांटवर अडकवून ठेवणाऱ्या खटक्यातली, नायलॉनची रिंग पुन्हा ढिली पडली आणि क्लिनिकने ती पुन्हा पैसे घेऊन बदलून दिली, तेव्हाच हा अनुभव लिहायचे ठरवले. खालच्या जबड्यातील दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या, म्हणजे काही दात गेलेल्या जबड्यांच्या एडवर्ड केनेडी यांच्या 1925 च्या वर्गीकरणातला पहिला वर्ग. पुढचे दात आणि उपदाढा शाबूत, दोन्हीकडे पहिल्या दाढेच्या जागी हाडात बसवलेला एकेक इम्प्लांट (कृत्रिम मूळ) आणि त्यांवर बसणारी कोबाल्ट-क्रोमियमच्या सांगाड्याची कवळी, अशी माझी व्यवस्था आहे.

चावण्याबद्दल तक्रार नाही. इम्प्लांट नसलेली आधीची कवळी ज्वारीच्या भाकरीचा घास चावताना मागून हिरडीत रुतत असे आणि उपदाढांवरचे क्लास्प (कवळी दाताला धरून ठेवणारे धातूचे आकडे) त्या दातांना प्रत्येक घासागणिक मागे ओढत असत. हा त्रास पहिल्या महिन्यातच संपला. भाजलेले शेंगदाणेही मी आता दोन्ही बाजूंनी चावतो.

रिंगेने मात्र माझा पिच्छा पुरवला. गुलाबी रिंग लवकर ढिली पडते म्हणून क्लिनिकने त्याहून घट्ट बसणारी पारदर्शक रिंग घातली. त्यानंतर कवळी काढताना नखे दुखू लागली आणि काही आठवड्यांत तीही सैल झाली. मूळ उपचाराचा खर्च एवढा मोठा असताना या इवल्याशा सुट्या भागासाठी दरवेळी तपासणी शुल्कासह पैसे मोजावे लागणे मला अन्यायाचे वाटले आणि अजूनही वाटते. रिंगेचा दर्जाच हलका असावा, असे माझे तोवर ठाम मत होते.

काढून टाकलेली रिंग भिंगाखाली पाहिल्यावर ते मत डळमळले. तिची कड सगळीकडून सारखी झिजलेली नव्हती. एकाच बाजूने चपटी होऊन तिला चकाकी आली होती, उरलेली कड जवळजवळ नवीसारखी होती. नुसत्या काढण्या-घालण्याने झीज झाली असती तर ती बहुधा गोलाकार दिसली असती. ही रिंग घेऊन मी दुसऱ्या एका प्रोस्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे, गेलो. त्यांनी कवळीच्या आतल्या बाजूला पांढरी सिलिकॉन पेस्ट पसरली आणि लोकेटरच्या रिंगा काढून ठेवून, केवळ पुढचे रेस्ट (दातांवर टेकणारे सांगाड्याचे छोटे भाग) बोटांनी दाबून धरून ती तोंडात बसवली. बाहेर काढल्यावर इम्प्लांटच्या मागच्या भागात, म्हणजे दुसऱ्या दाढेखाली, पेस्टचा जाड थर उरलेला दिसला. कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये तेथे पोकळी तयार झाली होती.

त्यांनी सांगितलेले कारण मला पूर्ण पटले. निरोगी दात त्याच्या मुळाभोवतीच्या तंतूंमुळे चावताना उभ्या दिशेने साधारण 25 ते 100 मायक्रॉन दबतो, हाडाशी एकजीव झालेला इम्प्लांट जेमतेम 3 ते 5 मायक्रॉन हलतो आणि हिरडी दातापेक्षाही कित्येक पट दबते. एकाच कवळीला हे तिन्ही आधार असल्यामुळे मागची हिरडी झिजून खाली गेली की भार न हलणाऱ्या इम्प्लांटवर एकवटतो. दुसऱ्या दाढेवर घास चावला की कवळी दोन इम्प्लांटना जोडणाऱ्या रेषेवर तराजूच्या दांडीसारखी कलते, पुढचे रेस्ट दातांवरून उचलले जातात आणि रिंग एका बाजूने घासली जाते. अशा वेळी अधिक घट्ट रिंग घातल्याने कलणे थांबत नाही, उलट इम्प्लांटवरचा तिरका ताण वाढण्याचाच संभव असतो.

उपाय रिलाइनिंगचा, म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर चढवण्याचा होता. पुढचे रेस्ट दातांवर नीट टेकवून ठसा घेतला आणि मागची पोकळी ॲक्रिलिकने भरली. त्यानंतर पुन्हा गुलाबी रिंग बसवली असून ती आजवर घट्ट आहे, आणि दुसऱ्या दाढेवर बोटाने दाबल्यावर पुढचा रेस्ट उचलला जात नाही. या रिलाइनिंगला लागलेले पैसे मला मुळीच जड वाटले नाहीत. पहिल्या क्लिनिकवरचा माझा राग मात्र कायम आहे, कारण त्यांनी प्रत्येक वेळी रिंग बदलली आणि एकदाही पेस्ट लावून बैठक तपासली नाही.

नवी व्यवस्था करून घेणाऱ्यांनी, इम्प्लांट दुसऱ्या दाढेच्या जागी बसवण्याइतके हाड जबड्यातल्या नसेच्या वर शिल्लक आहे का, हे सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) पाहून आधी विचारावे. तो तेथे बसला तर त्याच्या मागे लोंबता भाग जवळजवळ उरत नाही. माझ्या बाबतीत तेवढे हाड नव्हते, म्हणून दरवर्षीच्या तपासणीत पेस्टची चाचणी मी आग्रहाने करून घेणार आहे.