जोयो अमेरिकन साऊंड: नागपुरातले नऊ महिने

जोयोचा हा अमेरिकन साऊंड म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायचा छोटा डबा, पेडल. सप्टेंबरात घेतला, आता मे संपत आलाय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या, आणि चूक माझीच होती.

मला हवा होता फेंडरच्या ट्वीड डिलक्सचा आवाज. १९५० च्या दशकातला, पिवळट कापडाने मढवलेला छोटा ॲम्प: दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह (काचेच्या जुन्या नळ्या), १२ इंची स्पीकर, टोनचं एकच बटण. गायक-गिटारवादक नील यंगचा तो फाटका, खरखरीत आवाज याच ॲम्पचा. वॅट जेमतेम १२-१५, पण आवाज चांगला मोठा केल्याशिवाय तो फाटत नाही. आणि एवढा मोठा करायचा कुठे, मानेवाड्यातल्या घरात? माझ्या साध्या प्रॅक्टिस ॲम्पवरच खालच्या काकू विचारून गेल्या, "काहून रे, वर गिरणी टाकली का?"

म्हणून खऱ्या ॲम्पचा नाद न करता सरळ त्याची नक्कल करणारा हा पेडल. पहिल्या दिवशी प्रॅक्टिस ॲम्पला जोडला आणि आवाज असा आला, जणू कोणी स्पीकरवर गोधडी टाकलीय. महिनाभर मी हायचं (वरच्या सुरांचं) बटण वाढवत, लोचं (खालच्या सुरांचं) कमी करत बसलो. मग कळलं की या डब्यात स्पीकरचीही नक्कल आहे. म्हणजे वरची चरचर आधी डबा कापतो, मग ॲम्पचा स्पीकर पुन्हा कापतो. तो मुळात थेट मिक्सरला किंवा ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) लावायचा. हेडफोन घालून तसा लावला आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागा होतो.

कोजागिरीला गच्चीवर ॲम्प नेलाच नाही. गिटार, डबा, आणि तिथून वायर सरळ साऊंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. "ॲम्प कुठाय भाऊ?" त्याने तीनदा विचारलं.

माझं सेटिंग: ड्राइव्ह (आवाज किती फाटावा ते बटण) घड्याळाच्या दहावर, व्हॉइस अकरावर, मिड बारापेक्षा किंचित पुढे. व्हॉइस हे खरं बटण आहे. कमी ठेवलं की आवाज मऊ, वाढवत नेलं की चिडतो. ड्राइव्ह पूर्ण फिरवायचा मोह टाळा. तो मधे ठेवून गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की आवाज बऱ्यापैकी स्वच्छ होतो, दहावर नेला की गुरगुरतो. पायाने काही दाबावं लागत नाही.

खऱ्या ॲम्पची एक गोष्ट यात नाही, आणि ९ व्होल्टच्या डब्याकडून मी ती मागतही नाही. तिथे जोरात तार छेडली की ॲम्पला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हचं व्होल्टेज क्षणभर बसतं, सूर आधी दबतो आणि मग फुलतो. ते बोटांना कळतं. ऐकणाऱ्याला बहुतेक कळत नाही.

ॲडॉप्टरचं मात्र बघून घ्या. बर्डीच्या बाजारातून एक स्वस्तातला उचलला, तो उलट पोलॅरिटीचा निघाला. लाइटच लागेना. वाटलं, गेले पैसे. नशीब, आत काही जळलं नाही. मधला पिन निगेटिव्ह हवा, एवढं दुकानदाराला ठणकावून सांगा.

आणि कूलर! एप्रिलपासून गिटारमधून अखंड घूंऽऽ यायला लागलं. आधी पेडलवर संशय, मग केबल बदलली. एके दुपारी लाइट गेली, कूलर थांबला. इन्व्हर्टरवर चालणारी माझी गिटार एकदम चिडीचूप. माझे पिकअप (तारांचा आवाज उचलणारी चुंबकं) सिंगल कॉइल, म्हणजे आजूबाजूची घरघरही उचलणारे, कूलरची मोटर हातभर अंतरावर, आणि ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणं) म्हटलं की सुराबरोबर घरघरही मोठी होणारच. गिटार घेऊन जरा तिरकं बसलं की कमी होते. पिकअप निवडायचा स्विच दोन किंवा चार नंबरवर टाकला, म्हणजे दोन पिकअप एकत्र लावले, की माझ्या गिटारवर जवळजवळ जाते, पण मला आवडतो तो मानेकडचा एकटा पिकअप.

त्यामुळे सध्या रेकॉर्डिंग म्हणजे कूलर बंद. पारा ४५ वर, दोन टेकमध्ये बनियान ओलं, आणि तिसऱ्या टेकला आई दारातून: "झालं का रे तुझं? लाव न बाप्पा तो कूलर."