सीबीएम काढणारं अ‍ॅप: एलसीएल आणि एअरला उत्तम, फुल कंटेनरला नाही

एक्स्पोर्टची पॅकिंग लिस्ट आणि बुकिंग हे माझं रोजचं काम, आणि त्यासाठी फोनवर एक सीबीएम (म्हणजे घनमीटर) कॅल्क्युलेटर वापरते. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार कुणीही कागदावर करेल. मला हे अ‍ॅप आवडतं ते पुढच्या हिशेबासाठी.

समजा, ६० × ४० × ४५ सेंमीची ४८ खोकी आहेत, प्रत्येकी १४ किलोची. म्हणजे ५.१८४ सीबीएम आणि ६७२ किलो. अ‍ॅप लगेच तीन आकडे एकाखाली एक दाखवतं. जहाजाने एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून, पाठवताना १ घनमीटर म्हणजे १ टन धरतात आणि जे जास्त त्यावर भाडं लावतात, तर इथे ५.१८४ घनमीटरवर. विमानाला घनसेंटिमीटरला ६००० ने भागायचं, म्हणजे आकारमानानुसार वजन ८६४ किलो. कुरिअरवाले सहसा ५००० ने भागतात, तिथे हाच माल १,०३६.८ किलोचा होतो. खोक्यात किती हवा पाठवतोय हे पॅकिंगवाल्यांना पटवायला यापेक्षा चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

माप भरायच्या चौकटीखाली ‘बाहेरचं माप, फुगवट्यासह’ अशी सूचना आहे. ती लिहिणाऱ्याला हे काम नक्की माहीत असणार! खोकी बहुतेकदा आतल्या मापावर बनवून घेतात, शिवाय माल भरला की बाजू फुगतात. हेच खोकं ६२ × ४२ × ४६ भरलं तर एकूण ५.७५ सीबीएम होतात. गोदामात माल पुन्हा मोजला जातो आणि भाडं त्या मापावर लागतं. प्रत्येक ओळीला सेंमी किंवा इंच वेगळं निवडता येतं, तेही सोयीचं.

फुल कंटेनरचं उत्तर मात्र धरून चालू नका. २० फुटी कंटेनर ३३ सीबीएमचा, त्याला ०.१०८ ने भागून अ‍ॅप सांगतं की ३०५ खोकी मावतील. ती मावणं शक्यच नाही. आतली उंची साधारण २.३९ मीटर, ४५ सेंमी उंच खोकी त्यांच्यावर छापलेल्या बाणाप्रमाणे उभी रचली तर पाचच थर बसतात, वरची १४ सेंमी वाया. म्हणजे एका थरात ६१ खोकी हवीत, त्यांना १४.६४ चौरस मीटर जागा लागेल, आणि कंटेनरचा तळ सुमारे १३.९ चौरस मीटरचा. मी हाताने आराखडा काढला तेव्हा थराला ५१, एकूण २५५ खोकी बसली, म्हणजे साडेसत्तावीस सीबीएम. ३०५ धरून बुकिंग केलं तर ५० खोकी दारातच राहतील.

पॅलेटचा (माल रचायच्या फळीचा) पर्यायही अर्धवट आहे. पॅलेटची स्वतःची उंची आपणच मिळवायची, आणि ‘वर काही ठेवू नये’ हे सांगायला जागाच नाही. अशा पॅलेटवरची मोकळी जागाही भाड्यात धरली जाऊ शकते, त्यामुळे हा रकाना पुढच्या आवृत्तीत यायलाच हवा. तोवर पॅलेटचा माल मी वहीतच मोजते.