सांगलीत ब्लूज: आठ महिन्यांत अकरा रात्री ऐकल्यावर

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं. त्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रात्री मी मध्यंतरातच उठून घरी आलो होतो, हे आधी सांगून टाकतो. तिकीट अडीचशे, त्यात एक कॉफी, आणि तासभर त्याच त्या तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरांचे जुडगे. एक गाणं संपून दुसरं सुरू झालंय हे टाळ्यांवरून कळायचं. घरी पोचलो तर बायकोचं जेवणही व्हायचं होतं.

त्यानंतर दहा वेळा गेलोय. मधे काय बदललं ते लिहितो. तुमचे पैसे वाचतील, नाहीतर सत्कारणी लागतील.

जागा विश्रामबागेत, शंभर फुटी रस्त्यापासून जरा आत. जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरचं कॅफे. महिन्यातून दोन शनिवारी टेबलं भिंतीला सरकवतात आणि साठेक खुर्च्या मांडतात. दारू मिळत नाही, त्यामुळं कुटुंबाला घेऊन खुशाल जा. वाजवणारे चौघेही इथलेच. गिटारवाला कॉलेजात शिकवतो, माउथ ऑर्गनवाला औषध कंपनीचा एमआर. बेस आणि ड्रमवाली पोरं अजून शिकतायत.

माझा दिवस मार्केट यार्डात, हळदीच्या अडतीत दिवाणजी म्हणून जातो. सीझनला सौद्याचा ओरडा ऐकून संध्याकाळी कान बधिर झालेले असतात. ब्लूज माझ्या कानात शिरायला तीन कार्यक्रम लागले, त्यातला काही दोष त्या ओरड्याचाही असेल. तिसऱ्या वेळी मी सहज टेबलावर बोटं मोजत बसलो आणि गणित सुटलं. चार-चार मात्रांचे बारा तुकडे, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. षड्जावर चार तुकडे, मध्यमावर दोन, परत षड्जावर दोन, मग पंचमावर एक, मध्यमावर एक आणि शेवटचे दोन घरी. संथ गाण्यात हा फेरा पाऊण मिनिटाचा. एकदा हे कळलं की 'तेच ते' वाटत नाही. ख्याल ऐकताना आपण समेची वाट बघतो, तशी दहाव्या-अकराव्या तुकड्याला मान आपोआप पुढं येते.

आणि गंधार! कोमल म्हणावा तर चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. गिटारवाला तार बोटानं वर ढकलतो आणि स्वर त्या दोहोंच्या मधे कुठंतरी सोडून देतो. नवख्या माणसाला बेसूर वाटेल. मला वाटलं होतं.

पाचव्या वेळी मिरजेच्या चाचांना बरोबर नेलं. चाचांचा आणि माझ्या वडिलांचा घरोबा. चाळीस वर्षं तंबोरे करण्यात गेली, वय सत्तरीच्या पुढं. दर्ग्याच्या उरसाला रात्र रात्र गाणं ऐकत मोठा झालेला माणूस. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ सालीच गेले, पण चाचा त्यांच्याबद्दल बोलतात ते काल गल्लीत भेटल्यासारखं. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "ठीक आहे, पण भोपळा त्यानं स्वस्त होणार आहे का?" असा माणूस विजेवरच्या गिटारीला काय म्हणतोय, याची मला धास्तीच होती.

दोन गाणी डोळे मिटून बसले. मग माझ्या मांडीवर थाप मारली. "दुसरी तार उतरलीय त्याची." गाणं संपल्यावर गिटारवाल्यानं खरंच दुसऱ्या तारेची खुंटी पिळली. मींडेबद्दल, म्हणजे तार ओढून स्वर चढवण्याबद्दल, विचारलं तर हसले. "सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वर ओढतो आम्ही. हा एक-दीड ओढतोय. पण ओढून थांबतोय कुठं ते बघ. जागा बरोबर आहे."

मध्यंतरात सरळ उठून स्टेजपाशी गेले. स्टेज म्हणजे लाकडी फळ्यांचा पोकळ कट्टा, आणि अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी, त्याच्यावरच ठेवलेला. खर्जाचे स्वर आले की सगळी खोली घुमायची, शब्द एक कळायचा नाही. मी समजत होतो, ब्लूज असाच असतो. चाचांनी वाकून बोटाच्या पेरानं कट्टा वाजवला, पिकलेला भोपळा वाजवून बघतात तसा. दोन ठिकाणी वाजवला, कान लावला आणि गिटारवाल्याला म्हणाले, "बाळा, तुझा कट्टाच भोपळा झालाय. ती पेटी वर उचल." पोरांनी कॅफेतली एक लोखंडी खुर्ची आणली, तिच्या पायांखाली रबरी पायपुसणी दुमडून घातली आणि अँप वर चढवला. दुसऱ्या भागात पहिल्यांदा मला बेस वेगळा आणि गिटार वेगळी ऐकू आली. तेव्हापासून अँप खुर्चीवरच असतो आणि चाचांकडून तिकिटाचे पैसे घेत नाहीत. माझ्याकडून घेतात.

माउथ ऑर्गनबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण एका रात्री त्याच्यावरून गंमत झाली. हे वाद्य एकेका पट्टीचं वेगळं असतं, आणि ब्लूजवाले गाण्याच्या पट्टीचं वापरत नाहीत. गाणं 'ई' पट्टीत असेल तर वाद्य घेतात 'ए'चं, म्हणजे श्वास आत ओढताना ते तिरके स्वर निघतात. त्या रात्री गाणी 'ई'मधली आणि आमचे एमआर 'ए'चं वाद्य घरी विसरलेले. खिशात फक्त 'सी'चं. दोघांची स्टेजवरच कुजबुज झाली, मग गिटारवाल्यानं तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला, तीच बोटं ठेवून 'ई'वरून 'जी'वर आला, आणि 'सी'चं वाद्य त्यावर चपखल बसलं. गायचं मात्र आता दीड स्वर वरच्या पट्टीत. गिटारवाल्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. माझ्या हिशोबानं ती आठ महिन्यांतली सगळ्यात चांगली रात्र.

बोलतो मात्र तो फार. मास्तर माणूस. अमेरिकेतल्या रॉबर्ट जॉन्सन नावाच्या जुन्या ब्लूजवाल्यानं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार आली, ही दंतकथा मी अकरा कार्यक्रमांत पाच वेळा ऐकली. बिचारा १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला, मागं २९ गाणी ठेवून. त्यातली आणखी दोन जरी त्या वेळात वाजवली असती, तर आमचंही भलं झालं असतं.

एकदा मात्र त्याचं बोलणं लागू पडलं. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला, आणि तिथल्याच चार्ली पॅटन या ब्लूजवाल्यानं १९२९ साली त्यावर दोन भागांचं गाणं रेकॉर्ड केलं, असं त्यानं सांगितलं. सांगलीत पुराचा विषय काढला की खुर्च्या सावरल्या जातात. इथं लहान पोरही सांगेल की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं होतं. मग त्यानं स्वतः बांधलेलं मराठी गाणं घेतलं. ब्लूजची रीत अशी की पहिली ओळ दोनदा आणि तिसरीला उत्तर:

पाणी चढलं पायरी पायरी, बघत बसलो काठाला,
गं, पाणी चढलं पायरी पायरी, बघत बसलो काठाला,
तुझा फोन लागत नव्हता, अन् नदी आली ओट्याला.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. माझ्या पुढच्या खुर्चीवरच्या बाई गावभागातल्या, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतल्या असाव्यात. शेजारणीला त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या ओट्याला नाही, माळ्याला आलं होतं." मराठी गाणं म्हणून ते फार ग्रेट नाही, 'गं' उगाच घातलाय. पण दोनदा म्हटलेल्या ओळीचा उपयोग काय, ते मला त्या रात्री समजलं. दुसऱ्यांदा ती ओळ येते तेव्हा ऐकणारा आपल्या घरातलं पाणी बघत असतो. जात्यावरच्या ओवीतही बायका ओळ घोळवतात, ती कशासाठी, हेही त्याच ओघात आठवलं.

आता तक्रारी. साडेसातची वेळ लिहितात, सुरू होतं सव्वाआठला, आणि दहाला बंद. तिकीट मार्चपासून तीनशे झालं आणि कॉफी वेगळी. भडंग चांगलं असतं, सँडविचच्या नादी लागू नका. गाडी लावायला जागा नाही. मागच्या दोन रांगांत वाढदिवसाची टोळकी बसतात, त्यांना कोणी काही बोलत नाही, कारण बिल त्यांचंच मोठं. म्हणून पुढं डावीकडं खांबापाशी बसा, तिथं अँप कानावर येत नाही आणि माउथ ऑर्गन स्पष्ट ऐकू येतो. एकदा जाऊन मत बनवू नका, सलग तीन वेळा जा. तेही जमणार नसेल तर पहिला भाग सोडून मध्यंतरानंतर जा, हात तोवर गरम झालेले असतात.

सगळ्यात मोठी तक्रार मिक्सरची. काउंटर त्याच खोलीत, आणि कुणाची कोल्ड कॉफी नेमकी संथ गाण्यातच येते. मालकांना मी चार वेळा सांगितलं. शेवटी चाचांना पुढं केलं. चाचांनी मिक्सर चालू करायला लावला, क्षणभर ऐकला आणि म्हणाले, "काळी चारच्या आसपास आहे. त्याच पट्टीत गा म्हणावं." मालक खूश झाले. मिक्सर अजून तिथंच आहे.